धडधडीचा नकाशा

ठाण्याच्या हॉस्पिटलात निर्मलाबाई तपासणीसाठी बसल्या होत्या. पूर्वीच्या दवाखान्यातली लाकडी बाकं, कंपाउंडरची ओरड त्यांना आठवत होती. तेवढ्यात शेजारी बसलेल्या, आंबिवलीहून आलेल्या नवराबायकोची जुंपली.

"शकू, चल घरी. आज तर तुला काहीच होत नाहीये."

"अहो, म्हणून तर थांबायचं. डॉक्टर मांडीच्या शिरेतून बारीक तारा आत सोडून मुद्दाम धडधड उठवणार आणि ती हृदयात कुठून निघते त्याचा नकाशा काढणार."

"मुद्दाम? आणि थांबलीच नाही तर?"

"थांबवतील. जागा सापडली की तिथेच डाग देणार, म्हणजे पुन्हा उठायची नाही."

"अगं, डाग गुरांना देतात!"

"मग तुमच्या घरात मी वेगळी कोण होते?"

"गोळ्यांवर बरं चाललंय की."

"कसलं बरं? इतकी वर्षं तुमच्या आईने मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. दवाखान्यात पोचेपर्यंत धडधड थांबायची, कार्डिओग्राम चांगला यायचा आणि मी खोटी पडायचे."

"मी कधी खोटी म्हणालो?"

"सोंग म्हणालात. आपल्या वैशालीच्या लग्नात, चार पाहुण्यांसमोर."

"...चुकलं माझं. पण भीती वाटते गं."

"वाटू दे. हे मंगळसूत्र धरा, आत चालत नाही."

नर्स दारात आली. "शकुंतला मावशी, चला. आत धडधड जोरात होईल हं, घाबरू नका."

"होऊ दे गं बाई. एकदा तरी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होऊ दे."