हाकंवरचा धबधबा

न्हाई, मला एक सांगा, हाकंवर म्हंजी किती? तुमी सगळी शिकलेली माणसं, सांगा की! एक किलोमीटर? दीड? अहो, मापाला काय धरबंध पायजेल का न्हाई?

तुमाला सांगतो, ह्यो आमचा संपत. पंचवीस वर्सांचा दोस्त. मूळचा वरचा, घाटघरच्या डोंगरातला, आता पिंपळवंडीत माझ्या शेजारी. आन् मला झाला चिकनगुण्या. झाला म्हंजी कसा, गुडगं, घोटं, मनगटं, जिथं म्हणून सांधा हाय तिथं त्यानं मुक्काम टाकला! दीड महिना मी भिताडाला धरून न्हाणीत जायाचो. मंग डॉक्टर म्हणलं, "ताप गेला, भगवंतराव. आता हलकं हलकं चाला, सपाटीवर." सपाटीवर म्हणलं बरं का! संपत शेजारीच बसला व्हता. कुठल्या कानानं ऐकलं देव जाणे.

"भगवंता, बस गाडीवर. धबधबं बघून यिऊ. पायाला व्यायाम, डोळ्याला गारवा. चालायचं काईच न्हाई रं, गाडी लावली की हाकंवर हाय!"

आमची रत्ना कांदा साठवायच्या बराखीत बसलेली. सडका एका अंगाला, चांगला एका अंगाला, महिनाभर एकलीच निवडतीया. ती म्हणली, "जा की. न्हाईतरी खाटंवर पडून पत्र्याचं खिळंच मोजताय." आता ह्यो टोमणा व्हता का माया, ते मला अजून कळलं न्हाई.

गेलो. गाडी लावली. चाललो. चाललो म्हंजी कसा… एक पाय पुढं, एक "आई गं", दुसरा पाय पुढं, आनखी एक "आई गं". अर्धा तास झाला. धबधबा कुठाय? तर समोरच्या डोंगरावर, दोरा लोंबल्यावानी पांढरा. मधी ही दरी! म्हणलं, "संपत, लेका, ह्यो तर पार पल्याड हाय!" तर म्हणतो कसा, "मंग? हाकंवर हाय की!"

तेवढ्यात मागनं साळुबाई म्हणून एक म्हातारी आली. सत्तरीची आसंल, डोक्यावर गवताचा भारा, पायात काय न्हाई. मला वलांडून गेली राव! मंग थांबली, मला वरपासनं खालपर्यंत बघितलं आन् संपतला इचारती, "पावण्याला काय झालंय रं?"

"आजारी व्हता."

"मंग घरी ठिवायचा ना त्याला."

मी म्हणलं, "मावशे, अजून किती लांब?" म्हातारीनं काय करावं? तोंडापाशी हात धरला आन् दरीकडं बघून वरडली, "ए आरतेऽऽऽ!" आन् पल्याडनं, पार धबधब्याच्या अंगानं, बारीक आवाज आला, "काऽऽय गं आज्येऽऽ!" म्हातारी मला म्हणती, "बघ. पोचली. हाकंवरच हाय."

अहो, हाक पोचली! हाकंला कुठं गुडगं असत्यात? ती जाती सरळ हवेतनं, आन् मला खाली उतरायचं, वढा वलांडायचा, परत वर चढायचं! डोंगरातली माणसं अंतर तोंडानं मोजत्यात आन् भोगायचं पायानं!

आता चेष्टा बाजूला, खरं सांगतो. उतारावर मी बसलो. दमलो म्हणून न्हाई, भ्यालो व्हतो. दीड महिना डोक्यात एकच… हे गुडगं परत माझं व्हत्यात का जलमभर भिताडच धरायचं? रत्नाला बोललो न्हाई, कुणालाच न्हाई. संपत शेजारी बसला, तंबाखू मळत. चिमूट गालात सरकवली आन् म्हणला, "खांद्याला धर. पडलास तर दोघं पडू."

धरला. आन् पोचलो! पाण्यात पाय सोडलं, असं गार गार, आत्ता कुठं गुडघ्याला बरं वाटतंय तोवर अंगठाच धरला! खेकडा! हा एवढा! अहो, मी उठलो, उडालो, ह्या दगडावनं त्या, त्या दगडावनं तिसऱ्या, थेट वढ्याच्या पल्याड! एक सुदिक "आई गं" न्हाई! तिथं हुबं राहून मंग ध्यानात आलं… अरं, मी पळालो! भिताड न्हाई, खांदा न्हाई! डोळ्यात पाणी आलं राव. धबधब्याचं म्हणून खपवलं.

आन् ह्यो संपत? मोबाईल धरून हसतोय! जुन्नरात रेंज आली तसा यानं त्यो व्हिडिओ कुणाला धाडावा? आमच्या रत्नाला!

मला काय ठावं? म्या आपलं दारातनंच चालू केलं, "आई गंऽ… आनखी पंधरा दिस तरी आराम…" रत्ना बराखीच्या तोंडाशी हुबी. हातात मोबाईल. तिनं पदरानं डोळं पुसलं, म्हणली, "बरं झालं बाई, पाय सुटलं तुमचं." आन् त्याच हातानं मोकळी पाटी माझ्याकडं सरकवली.

म्हणलं, "अगं, एवढ्या लांब बराखीत मी रोज…"

"लांब कुठं? हाकंवर तर हाय!"

तवापासनं चाललंय हे. आत्ता बगा, तुमच्याशी जरा दोन शब्द बोलाय बसलो तर… ऐकलं? मारली तिनं हाक. चला, येतो. हाक पोचली, आता मलाबी पोचाय पायजेल.