द्वारकाबाईंच्या कपाळावरचा रंग

हॅलो?… हां, मेघाताई, बोला… झालं की जेवण. सिल्लोडला ऊन कसं हाय?… चित्राचा फोटो? व्हय, ह्यांनीच टाकला ग्रुपवर. बघितलं ना तुमच्या आईचं ध्यान?

… हसू नका. मला तर सासूबाई वळखूच आल्या नाय. हात बघितले? पैलवानाचे हात. आन् तोंड हिरवं. सावली हाय म्हणती ती. कसली सावली, शेवाळ आलंय.

… हां, तीच हाना. आमच्या वरच्या खोलीत राहती ती जर्मनबाई. तिच्या देशात लई नाव हाय म्हणे, माणसांचीच चित्रं काढती म्हणून. नाव असंल, पण येतं काय? छावणीतला बोर्ड रंगवणारा बरा, गणपती काढला तर गणपतीच दिसतो…

… अजून? दूधवाला काढला, निम्मा. गुडघ्याखाली कापडच संपलं. शेजारच्या मालनबाईला काढलं तर ती भांडायलाच आली, मी एवढी जाड हाय का म्हणून. हाय ती जाड, पण असं तोंडावर काढावं का?

… काय? कपाळाला?… नाय ओ, लाइट पडला असंल. थांबा, मोठं करून बघते… अगं बाई. कुंकू हाय की. चांगलं बंद्या रुपयाएवढं.

… आईशपथ ताई, मला दिसलंच नाय. मी हातांनाच नावं ठेवत बसले… तेच ना. तात्यांना जाऊन एवढी वर्षं झाली. दहा देश हिंडली ही बया, विधवेला कुंकू लावत नाहीत एवढं कळू नये? सिनेमात बघून आली असणार, हिंदुस्थानी बाई म्हणजे टिकली. अक्कल गहाण टाकलेली.

… अहो, ओरडू नका. काकांनी बी बघितलं?… हां, सगळी भावकी हाय ग्रुपवर… पुसता येतंय की. तेलाचा रंग, लवकर वाळत नाय. बोळा फिरवला की निघतं… नाय, ती घरी नाय. पेटी बनवून आणायला गेली, उद्या चित्र जर्मनीला जायचंय… जाते ना वर. ठेवू नका फोन.

… आले. आई इथंच बसल्यात, चित्रासमोर… हां, सांगते. आई, मेघाताईचा फोन हाय. त्या येडीनं कुंकू लावलंय तुम्हाला. सरका, पुसून टाकते…

… ताई, थांबा जरा. त्या काय म्हणतात ऐकू द्या.

… हॅलो. त्या म्हणतात, तिनं मनानं नाय लावलं. मीच सांगितलं तिला, असं आई म्हणतात… नाय ओ, मी कशाला बनवू? त्या म्हणतात, तात्या गेले त्या दिवशी बायकांनी हात धरून पुसलं, मला कुणी विचारलं का? हिनं मोडक्या हिंदीत का होईना विचारलं, तुम्हाला कसं काढू. मग म्हणलं, कुंकू लावून काढ.

… ताई… अहो ताई, ऐका ना… नाय घेत त्या फोन. मान हलवतात… रडत नाहीत. बघत बसल्यात नुसत्या.

… भावकीचं काय सांगता मला? त्यातलं कोण येतं ह्यांना बघायला? तुम्ही तरी दिवाळीनंतर कधी आलात?… चित्र घाणच हाय, मी कुठं नाय म्हणते. हात तर लईच घाण… पण मी नाय पुसणार.

… सून हाय, म्हणून पुसू? तुमचं कुंकू जागेवर हाय ताई, म्हणून जीभ चालती.

… मग या तुम्ही. सिल्लोडहून गाडी धरा आन् या. बोळा मी देते. आईसमोर उभं राहा, त्यांच्या डोळ्यांत बघा आन् पुसा.

… हॅलो?… मेघाताई?… हॅलो?

ठेवला. आई, सरका जरा, मला बी बसू द्या.