पिशवीत काय राहतं

देऊळगाव राजाच्या दवाखान्यात मी वारलेल्या आईचे कागद न्यायला थांबले होते. समोरच्या बाकावर गर्भाशयाची पिशवी काढायला आलेली एक तरुण बाई शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना हळूच विचारत होती.

“मावशी, तुमची काढली तं मंग सुख गेलं का हो?”

“पिशवीत लेकरू राह्यते पोरी, सुख नाही.”

“सासू म्हणते, बाईचं लाकूड होते.”

“मीबी भ्याले होते. दोन वर्षं खाट अलग केली. मंग नर्सबाईनं चित्र काढून दाखवलं. सुखाची खरी जागा बाहेरून असते, वाटाण्याएवढी. आपरेशनात तिले धक्काबी लागत नाही.”

“मंग?”

“मंग मीच खाट जवळ ओढली. मालक लाजले. आधी माह्या मानेवर हात ठेवत, मंग बाकीचं.”

“नशीबवान आहात. घरीच असतात का ते?”

“वारले. तीन वर्षं झाले.”

“माय वं.”

“हात ठेवतेत अजून. आत्ताबी ठेवला.”

“भास होत असन, मावशी.”

“असन. मानेले हात लावून पाह्य.”

“मावशी, सारी मान थंडगार आहे. इथंच गरम आहे.”

“केवढं?”

“पंजाएवढं.”

“हाव. जाय आता, तुले बोलावून राह्यले. सही कर. खाट मात्र अलग करू नको.”