शेखसाहेबांचं घड्याळ

मोठ्या माणसांशी ओळख कशी वाढवायची, ते मला विचारूच नका. दहावी अर्धवट सोडून मी दुबईत देऱ्यातल्या एका मनी एक्स्चेंजमध्ये उन्हाळ्यापुरता ट्रेनी लागलो होतो. मामू म्हणाले, "मालकाशी बोल, नाहीतर उन्हाळा संपला की परत रत्नागिरी. सुचलं नाही तर कशाचीतरी तारीफ कर."

मालक अरब शेख होते. एकदा धीर करून म्हटलं, "साब, आपकी घडी बहोत अच्छी है."

त्यांनी घड्याळ काढलं आणि माझ्या मनगटावर बांधलं.

मॅनेजर कानात पुटपुटले, "दुसऱ्याला आवडलेली वस्तू देऊन टाकतात हे लोक. परत केलंस तर अपमान होईल. आता गप्प राहा."

घाबरून माझ्या तोंडून निघालं, "साब, आपका ऑफिस भी बहोत अच्छा है."

मॅनेजरनी डोळेच मिटले.

शेख हसत म्हणाले, "खलास, बात पक्की. तो फिर यहीं रहो."