खाली कोण वाजवतंय?

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. केतकी, इरा, पुण्याहून आलेले काका-काकू… शिरीषबद्दल ‘होता’ म्हणायला अजून जीभ वळत नाही. अडखळलो तर सांभाळून घ्या.

इथे जर्मनीत, कायझर्सलाउटर्नमध्ये, तुम्ही त्याला ओळखता ते गिअरबॉक्सचे आवाज तपासणारा इंजिनिअर म्हणून. मी त्याच्या शेजारच्याच टेबलावर. पण त्याचा खरा जीव जमैकाच्या डान्सहॉल संगीतावर! अमेरिकन सैनिकांच्या वस्तीजवळच्या दुकानातून तो नव्वदीच्या अखेरच्या रेकॉर्ड्स शोधून आणायचा. मला समजावायचा, “अरे, रिडिम म्हणजे नुसता ठेका आणि बास. एकच रिडिम कितीतरी गायक घेतात. एक भांडतो, एक मैत्रिणीला मनवतो, एक देवाला हाक मारतो. खालचा ठेका तोच!”

मागच्या हिवाळ्यात घरी जेवताना त्याने मध्येच विचारलं, “खाली कोण वाजवतंय?”

खाली घरमालकीण. एकटी. तिच्याकडे रेडिओसुद्धा नाही. इराने जमिनीला कान लावला. “पापा, दा इस्ट निष्ट्स.” काहीच नाहीये, पापा. तो हसला. आपण सगळेच हसलो असतो, नाही का?

मग त्याला ते गाडीत ऐकू यायला लागलं. मग ऑफिसात. तो मजेत सांगायचा, आज कोणता गायक आला, काय गायला. केतकी म्हणायची, “शिरीष, डॉक्टरकडे चल.” तो म्हणायचा, “हो, हो, टेर्मिन घेतो.” डॉक्टरची वेळ काही घेतली नाही.

एक दिवस कॅन्टीनमध्ये त्याने चमचा खाली ठेवला. “आता कोणीच गात नाही रे. सगळे निघून गेले. नुसती रिडिम राहिलीय. आणि ती हळू होतेय.”

मी त्याला तिथूनच हॉस्पिटलात नेलं. मेंदूत गाठ होती. फार वाढलेली.

शेवटच्या दुपारी त्याने केतकीला विचारलं, “थांबलं. तू बंद केलंस का?” कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. केतकीने मला आनंदाने फोन केला, “आवाज थांबला! लवकर या ना!”

मी धावत पोचलो. नर्स खिडकी उघडत होती. इथे माणूस गेला की खिडकी उघडतात.

चला, उभे राहूया. कोणीतरी केतकीचा हात धरा. शिरीष, मित्रा, आम्हा सगळ्यांचा नमस्कार घे.