शिऱ्याला बोंबलाचा वास

खरं सांगतो, हे लिहून ठेवणारच नव्हतो. कीर्तनातलं कीर्तनात बोलायचं आणि तिथंच सोडायचं, असं माझं मत. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. पण ज्याच्यासाठी त्या दिवशी बोललो, तो माणूस कीर्तनाला आलाच नाही! म्हणून जसं बोललो तसं देतोय.

तर मंडळी, ऐका! ब्रह्म काय, माया काय, ते पूर्वरंगात झालं. आता त्याहून अवघड प्रश्न — बाजारात टेम्पोवर मिळतात ते प्लास्टिकचे स्वस्त डबे घ्यावेत का घेऊ नयेत?

हसताय? मागच्या ओळीतल्या मावशी सगळ्यात जास्त हसतायत — म्हणजे घरात ढीग आहे! हसा. पण ह्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक आहे. एकदा लागलेला वास किती वर्षं धरून ठेवायचा?

आता नाही हसलात!

धामणवाडी नावाची वाडी. ओहोळाच्या अलीकडे बावीस घरं, पलीकडे विठ्ठलाचं देऊळ, मधे लाकडी साकव. चैत्रात सप्ताह. शेवटच्या दिवशी दुपारी शिऱ्याचा नैवेद्य, आणि तो दर वर्षी एका घरानं करायचा. बावीस घरं — मग एका घराची पाळी किती वर्षांनी? — बावीस! बरोबर! हे लगेच आलं, जप मोजताना मात्र तीन मणी कुठे जातात कोण जाणे!

त्या वर्षी पाळी धुरींच्या थोरल्या घराची. घरात सत्यवतीकाकी. वय एकसष्ट. मागच्या पाळीला शिरा सासूनं केला होता, काकीनं नुसता रवा भाजला होता. आणि पुढची पाळी येणार तेव्हा काकी त्र्याऐंशीच्या! कळलं ना? हीच एक. हिच्यासाठी ती बावीस वर्षं थांबलेली.

शेजारी धाकटी जाऊ, शेवंती. दोन घरांत एक दगडी गडगा, कमरेएवढा. आणि बोलणं? अकरा वर्षं बंद!

कशावरून? जमीन? सोनं? छे हो! डब्यांवरून!

सासू गेली, घरं वेगळी झाली. सासूचे सहा स्टीलचे डबे होते. भांड्यांची वाटणी झाली त्या दिवशी काकी तापानं पडलेली. खिडकीतून बघते तर काय — शेवंती सहाच्या सहा डबे घेऊन निघाली! मेंदूत ठिणगी. आठ दिवसांनी शेवंती तीन डबे घेऊन आली.

"वयनी, हे तुझे."

"माका नको तुझा स्टील! माझे डबे मी विकत घेईन!"

आणि ते तिन्ही डबे — धाड, धाड, धाड — गडग्यावरून पलीकडे! उघडले नाहीत, नीट बघितलेसुद्धा नाहीत.

त्याच आठवड्यात टेम्पो आला. अठरा डब्यांचा सेट, गुलाबी झाकणं! काकीनं तो गडग्यावर ओळीनं मांडला. का? वाळायला? नाही हो, शेवंतीला दिसायला!

आता ऐका त्या डब्यांची करणी. गरम आमटी ओतली — बुड फुगलं. लोणचं भरलं — डबा जन्माचा पिवळा. झाकणं लागायची पण बसायची नाहीत. हा कोपरा दाबला की तो वर, तो दाबला की हा वर — आमच्या भजनी मंडळासारखं! एकाला गप्प केलं की दुसऱ्याला चाल सुचते! काकीनं सेट बदलले, एकदा नाही, तीनदा. पण स्टील? नाव नाही. कारण ते डबे नव्हतेच, मंडळी. तो हट्ट होता, गुलाबी झाकणाचा!

आला नैवेद्याचा दिवस. काकीनं पहाटेपासून उपास धरून शिरा केला. तूप, केळं, वेलची — रस्त्यावरचा माणूस थांबावा असा! नैवेद्यापुरता काढून न्यायचा, बाकीचा टोपात. पण साकव ओलांडायचा, म्हणजे झाकण घट्ट हवं. झाकणं काकीनं चार दिवस आधीच लावून बघितली होती. एक लावलं, उडालं. दुसरं, वाकडं. अठरातला एकच डबा असा, ज्याचं झाकण अजून घट्ट बसत होतं. का बसत होतं? कमी वेळा उघडलेला म्हणून! आणि कमी वेळा का उघडलेला?

त्यात पावसाळ्याचे सुके बोंबील असायचे!

थांबा, काकीला वेडी समजू नका. तिनं तो लिंबानं घासला, राखेनं घासला, तीन दिवस उन्हात ठेवला. नाक आत घालून बघितलं. वास? अजिबात नाही! कारण अकरा वर्षं तिच्या घरात तोच वास. घरच्या नाकाला तो येत नाही! आणि मग त्या डब्यात तिनं गरम तुपाचा शिरा ओतला. गरम आणि वर तूप — जे प्लास्टिकनं पोटात दडवलं होतं ते सगळं बाहेर!

देवळात वाडी जमलेली. भिकाजी गुरव गाऱ्हाणं घालायला उभा.

"बा विठ्ठला, धुरींच्या घरचो गोड शिरो —" झाकण उघडलं. गुरव थांबला. "— ह्यो बोंबलाचो वास?"

आणि गाऱ्हाण्याच्या दर ओळीला म्हणायच्या सवयीनं सगळी वाडी एका सुरात — "व्हय म्हाराजा!"

हसा, हसा! पण काकीकडे बघा. हातात गुलाबी झाकण. मागून कोणीतरी म्हणालं, "परबांका सांगा, पुढची पाळी त्यांची." बावीस वर्षं — गेली? एका डब्यात गेली?

तेवढ्यात बायकांच्या अगदी शेवटच्या ओळीतून आवाज.

"थांबा! वास माझ्या लुगड्याक आसा. सकाळी बाजारात सुक्या मासळीच्या राशीत बसलंय. मी बदलून येतंय, मगे बघा."

शेवंती!

खोटं, मंडळी! देवासमोर, धडधडीत खोटं! अंगावर कोरं लुगडं, केसांत सुरंगीच्या फुलांचा वळेसर, घमघमाट नुसता! सगळ्या वाडीच्या नजरा तिनं अंगावर घेतल्या, शिऱ्याचा डबा पदराखाली उचलला आणि निघाली. धावत साकवावरून, आधी आपल्या घरात, मग थेट काकीच्या चुलीपाशी. अकरा वर्षांनी त्या घरात पाऊल!

परत आली. हातात स्टीलचा डबा, टोपातल्या शिऱ्यानं भरलेला. अंगावर — तेच लुगडं! गुरवानं लुगड्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. म्हणाला, "आता वास गेलो."

काकीनं डबा हातात घेतला. बुडाशी अक्षरं कोरलेली. 'सौ. सत्यवती धुरी'. खाली साल — वाटणीचं!

"ह्या नाव कधी घातलंस?"

"त्याच आठवड्यात. नावां घालूकच सगळे बाजारात नेल्लंय, वयनी. तीन तुझे, तीन माझे."

"मगे सांगूक नाय?"

"तू सांगूक खंय दिलंस? ह्यो बघ पोचो. गडग्यावरसून पडलो तो."

काकीनं त्या पोच्यावरून बोट फिरवलं. अकरा वर्षं तो डबा फळीवर कोरा राहिला होता. दुसरीचं नाव असलेला डबा वापरायचा कसा?

"शेवंता," काकी म्हणाली, "अशी मागे काय उभी रवलंस? पुढे ये. पाळी दोघींची."

"बा विठ्ठला! दोघींच्या हातचो शिरो गोड मानून घे रे म्हाराजा!" गुरवानं गाऱ्हाणं पुरं केलं.

"व्हय म्हाराजा!"

तर मंडळी, डबे घ्यावेत का? घ्या की! रवा ठेवा, पोहे ठेवा, डाळ ठेवा. गरम नको, तेलकट नको, वासाचं तर नकोच. आणि रागानं विकत घेऊ नका, तेवढं एक ऐका माझं.

अहो, प्लास्टिक वास धरतं, तो त्याचा स्वभाव. त्या बिचाऱ्याला काय सांगायचं? पण तुम्हाला-मला देवानं मन दिलंय, घासलं की वास निघेल असं! त्यात आपण कोणाचं तरी अकरा वर्षांपूर्वीचं वाक्य भरून ठेवतो, वर झाकण घट्ट, आणि विचारतो, "मला कुठे वास येतोय?" नाही येणार! समोरच्याला विचारा!

इथं कीर्तन संपलं. लोक उठले. मला मात्र समोरच्याला विचारायचं होतं, आणि तो आलाच नव्हता.

उल्हास मेस्त्री. माझा शाळेपासूनचा मित्र. तीन वर्षांपूर्वी माझं पहिलं कीर्तन, पखवाजावर हाच. ऐन चालीत मी ओळ विसरलो. तो हसला. त्याच्यामागून सगळं देऊळ हसलं. तेव्हापासून मी दुसरा पखवाजी नेतो आणि विचारणाऱ्याला सांगतो, उल्हासला वेळ नसतो. हेही खोटंच. पण शेवंतीसारखं नाही. तिनं खोटं बोलून दुसरीला वाचवलं, मी स्वतःला.

उल्हास, हे वाचत असशील तर ऐक. येत्या एकादशीला तुझ्या दारात येतो, पखवाज मीच उचलतो. हेच आख्यान, तुझ्या ठेक्यावर. आणि ओळ विसरलो तर खुशाल हास. तुझं हसून होईपर्यंत मी थांबेन, आणि मग सगळ्यांसमोर पुढची ओळ तुलाच विचारेन. वचन.