उलट घडीचं खोकं

प्रेमा : अहो, बॅग भरणं थांबवा आणि आधी हे बघा. मोची मिठाईच्या खोक्याचा कागद उलटा दुमडलाय.

शामकांत : बोटीवर आम्ही कागद खात नाही गं. आत मोची आहे ना?

प्रेमा : थट्टा पुरे. दर वेळी तुम्ही जहाजावर निघालात की त्याच जपानी दुकानातून खोकं आणते मी. तिथल्या आजींनीच सांगितलंय, शुभाचा कागद एका बाजूने दुमडतात, मयताचा उलट्या. त्यांच्या सासऱ्यांच्या वेळेपासूनचं दुकान ते. चुकतील त्या?

शामकांत : नव्वदीची बाई. हात चुकला असेल.

प्रेमा : मी दुकानातच उलटी घडी दाखवली तर तोंडावर हात ठेवला त्यांनी. माझ्यासमोर परत बांधलं, सरळ. क्लेमेंटी स्टेशनला एमआरटी ट्रेनमधून उतरताना बघते, तर हे परत उलटं!

शामकांत : पिशवीत फिरलं असेल.

प्रेमा : खोकं फिरलं म्हणून घडी बदलते का? शिरीष भावजी शेवटचे जहाजावर निघाले तेव्हा त्यांचं खोकंही असंच होतं. त्यांच्या बायकोला, गार्गीला तेव्हा कळलं नाही. ते गेल्यावर कुणी तरी त्याच दुकानाची मिठाई मयताच्या कागदात घेऊन भेटायला आलं, तेव्हा तिने घडी ओळखली.

शामकांत : शिरीष इंजिनरूममध्ये पाय घसरून गेला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. आण इकडे. आयुष्यभर इंजिनं खोलून बांधली, एक कागद नाही बांधता येणार? हे बघ. झालं सरळ?

प्रेमा : झालं.

शामकांत : मग! माझा चार्जर कुठाय?

प्रेमा : टीव्हीपाशी.

शामकांत : हां, सापडला... प्रेमा, तू हात लावलास या खोक्याला?

प्रेमा : मी जागची हललेसुद्धा नाही.

शामकांत : मी सरळ बांधलं होतं.

प्रेमा : बघितलं ना मी. नका जाऊ हो. फार भीती वाटतेय मला. पोटात दुखतंय म्हणा, काहीही म्हणा.

शामकांत : संध्याकाळी जहाजावर नेणारी लाँच सुटते. ऑफिसला आयत्या वेळी माणूस कुठून मिळणार?

प्रेमा : विचारा तरी.

(शामकांत बाहेर कॉरिडॉरमध्ये फोनवर बोलून परत येतो.)

शामकांत : सुटलो बुवा. कंपनीतला अनीश जातोय माझ्या जागी. पोरगा काय खूश झाला! सेकंड इंजिनियर म्हणून पहिलीच वेळ त्याची. आत्ताच निघतोय घरून.

प्रेमा : बसा. पाणी घ्या.

शामकांत : प्रेमा... कागद बघ.

प्रेमा : बघितला मघाशीच. सरळ झालाय.

शामकांत : म्हणजे आता अनीश...

प्रेमा : मला नाही माहीत.

शामकांत : त्याला सांगायला हवं. माझा फोन? आत्ता इथे टेबलावर ठेवला होता मी. प्रेमा, फोन कुठाय?

प्रेमा : मोची खा आधी. आजच संपवावी लागते, उद्यापर्यंत कडक होते.